आऱ्या सुटण्याआधी

आमच्या सीमाभागात भुईमुगाला मराठी बाई शेंगा म्हणते, कन्नड बाईही शेंगाच. तणाला मात्र एकीचं तण, दुसरीचं ‘कळे’. भांगलणीच्या पातीत दोन्ही चालायचं.

आई पातीच्या पुढं असायची. तिचा हिशेब पक्का : पेरणीपासून दीड महिन्यात रान स्वच्छ झालं पाहिजे. पुढं फुलं सुकली की आऱ्या मातीत शिरतात. तेव्हा कोळपं घातलं तर त्या तुटतात, आणि तुटल्या आरीला शेंग धरत नाही. मागं राहिलेलं तण मग हातानंच उपटायचं. लव्हाळ्यावर तिचा विशेष राग. वरून कापला तर खालच्या गाठीतून पुन्हा उगवतो, म्हणून गाठीसकट खणून बाहेर.

आता पेरणीनंतर दोन दिवसांत, ओलीवर, पेंडिमेथॅलिन फवारतात. बियांचं तण बरंच थांबतं. लव्हाळा दाद देत नाही. भांगलायला बायका मिळत नाहीत, ही तक्रार मी करणार नाही. त्यांच्या पाठी, त्यांचे गुडघे मी पाहिलेत. पण पात मोडली तसं आमच्या घरातलं कन्नडही आटलं. आईला ते शाळेत नव्हे, या पातीतच मिळालं होतं. परवा शेजारीण ‘कळे’ म्हणाली, तर नातू माझ्या तोंडाकडे बघत राहिला.