तो तसाही आलाच असता

१ जुलै २०२४ पासून गुगलच्या जुन्या अ‍ॅनालिटिक्सचे आकडे बघायची सोय बंद झाली. मोजणी वर्षभर आधी, १ जुलै २०२३ लाच थांबली होती. दरवर्षी त्याच तारखेपासून पावसाळ्यासाठी कान्हाचं गाभा क्षेत्र बंद असतं, म्हणून ती तारीख माझ्या डोक्यात पक्की आहे. मी बालाघाटात बसून कान्हाच्या मुक्की गेटकडच्या रिसॉर्टांच्या, वारासिवनीच्या साड्यांच्या, चिन्नोर तांदळाच्या जाहिराती चालवतो. इतक्या वर्षांचा हिशेब गेला, तर जिवाला लागायला हवं होतं. तितकं लागलं नाही, कारण त्या आकड्यांवरचा माझा विश्वास माझ्याकडे काम शिकायला येणाऱ्या एका मुलीनं आधीच हलवला होता.

एका रिसॉर्टचा रिपोर्ट बघताना ती म्हणाली, "सर, हा माणूस रिसॉर्टचं नाव टाइप करून आला. तो तसाही आलाच असता ना? मग हे बुकिंग आपलं कसं?"

ब्रँड कॅम्पेनची, म्हणजे रिसॉर्टच्याच नावावर लावलेल्या जाहिरातीची, ती ओळ. खर्च सगळ्यात कमी, कन्व्हर्जन सगळ्यात जास्त. मालकासमोर लॅपटॉप फिरवला की माझं बोट आधी तिच्यावर जायचं. "हे बघा भाऊ," म्हणताना छाती फुगायची. टॅग माझा होता, थँक-यू पेज माझं होतं, एकही बुकिंग दोनदा मोजलं जात नव्हतं. त्या स्वच्छ मोजणीचा मला अभिमान होता, आजही आहे. पण तिनं मोजणी बरोबर आहे का, हे विचारलंच नव्हतं.

अमेरिकेत ईबेनं हाच प्रश्न स्वतःचे पैसे लावून तपासला. स्वतःच्या नावावरच्या जाहिराती बंद केल्या, आणि जवळजवळ सगळी माणसं खालच्या फुकटच्या लिंकवरून आली. टॉम ब्लेक, क्रिस नोस्को आणि स्टीव्हन टडेलिस यांचा त्यावरचा निबंध २०१५ साली 'इकॉनोमेट्रिका'त आला. इतर शब्दांवरच्या जाहिरातींचा उपयोग मुख्यतः नव्या आणि क्वचित येणाऱ्या गिऱ्हाइकांपुरता दिसला. नेहमीचं गिऱ्हाईक जाहिरात असो-नसो, येतच होतं.

मी तो निबंध पुन्हा पुन्हा वाचतो आणि दर वेळी एकाच जागी अडतो. ईबेकडे गर्दी होती. काही भागांत जाहिरात बंद, काही भागांत चालू, आणि फरक स्पष्ट दिसावा इतके व्यवहार. मोजक्या खोल्यांच्या रिसॉर्टात एकच मोठं कुटुंब उतरलं की आठवड्याचा आकडा पालटतो. मुक्कीत वाघिणीबरोबर बछडे दिसले आणि फोटो फिरला, शनिवार-रविवारला जोडून सुट्टी आली, की जाहिरातीचा परिणाम त्यात कुठे बुडाला ते शोधता येत नाही. शिवाय मी आमच्या नावावरची बोली सोडली, तर शेजारचा रिसॉर्ट तीच बोली लावून वर येऊन बसतो. तेव्हा ते "तसाही" किती खरं, हेही बघायला हवं.

त्यातून इथलं बुकिंग बहुतेकदा वेबसाइटवर पूर्ण होतच नाही. माणूस रात्री फोनवर जाहिरात बघतो. मग सफारीचं परमिट मिळतंय का ते सरकारी पोर्टलवर बघतो. खरा निर्णय तिथे होतो, आणि तिथे माझा टॅग नाही. परमिट मिळालं की बायकोच्या फोनवरून आमचा नंबर शोधतो, बोलतो, आगाऊ रक्कम यूपीआयनं मालकाला पाठवतो आणि स्क्रीनशॉट व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतो. माझ्या रिपोर्टात यातला फक्त पहिला क्लिक. कॉल मोजावा, तर साठ सेकंदांच्या वरचा कॉल म्हणजे कन्व्हर्जन, हा ठरीव हिशेब. मुक्कीकडे रेंज मध्येच जाते आणि पाऊण मिनिटात ठरलेलं बुकिंग मोजणीतून निसटतं. गोंदिया स्टेशनवरून गाडी मिळेल का, एवढंच विचारणारा मात्र पाच मिनिटं बोलतो आणि मोजला जातो. क्लिक आयडी जपून नंतर ऑफलाइन कन्व्हर्जन अपलोड करतो, पण ते फॉर्म भरणाऱ्यांपुरतंच. रिसेप्शनवरच्या पोराला "कुठून कळलं?" विचारायला लावलं. उत्तर येतं, "नेटवर पाहिलं."

मोठ्या शहरांतल्या काही एजन्स्यांनी यातून वाट काढली आहे, आणि ती मला पटत नाही. व्हॉट्सअ‍ॅपच्या बटणाला बोट लागलं की कन्व्हर्जन धरायचं आणि बोली मशीनवर सोडायची. मशीन आज्ञाधारक असतं. ते बटण दाबणारी माणसं शोधून आणतं, राहायला येणारी नाही. वर व्ह्यू-थ्रू जोडायचं, म्हणजे ज्याच्या डोळ्यांसमोरून जाहिरात नुसती सरकली तोही आपला. एप्रिल २०२१ मध्ये आयफोननं माग काढण्याआधी परवानगी विचारायला सुरुवात केल्यापासून आकड्यांत अंदाजाची भर पडत गेली. त्यात गुगल अ‍ॅड्स एका बुकिंगचं श्रेय अनेक क्लिकांत वाटतं, म्हणून कॅम्पेनपुढे २.३३ कन्व्हर्जन दिसतात. वाटणी करायला हरकत नाही. पण यातलं मोजलेलं किती आणि अंदाजाचं किती, हे मालकाला न सांगणं मला चुकीचं वाटतं. गुगलचं परफॉर्मन्स मॅक्स, म्हणजे जाहिरात कुठे दाखवायची तेही मशीनच ठरवतं तो प्रकार, आल्यावर काही वर्षं पैसा नेमका कुठे गेला हे आम्हालाच धड दिसत नव्हतं, आणि नव्या पोरांना त्यात काही गैर वाटलं नाही, याचा मला त्रास होतो.

ही मुलगी तशी नाही. तिचा मला अभिमान वाटतो, आणि थोडा मत्सरही. तो प्रश्न आधी मला सुचायला हवा होता असं अजून वाटतं.

१ ऑक्टोबरला मुक्कीचं गेट उघडलं की रायपूर आणि बिलासपूरकडची ब्रँड कॅम्पेन बंद ठेवायची, नागपूर आणि जबलपूरकडची चालू, असं आम्ही ठरवलं आहे. मालक म्हणाले, "भाऊ, ऐन सीझनात कशाला?" मी म्हटलं, सीझन नसताना मोजायला माणसंच नसतात. दिवाळीच्या सुट्टीत आकडे उड्या मारतील, म्हणून ते दिवस वेगळे काढायचे, असं तिनं सुचवलं. ते काढल्यावर उरणारी बुकिंगं इतकी थोडी असतील की रायपूरची घट जाहिरातीमुळे की योगायोगानं, हे मला छातीठोक सांगता येणार नाही. मालकांना हे आधीच सांगितलं आहे. आणि तोपर्यंत रिपोर्टातली ती ओळ सगळ्यात खाली लिहायची, असं तिनं मला बजावलं आहे.