आठ वार

शिंप्याने दिलेल्या तारखेवर भरवसा ठेवू नये, हे मी सदाशिव पेठेत शिकलो. त्यामुळे थोरल्याच्या लग्नासाठी एडिंबरोला गेलो आणि चिरंजीवांनी लग्नात घालायला किल्ट शिवायला टाकला, तेव्हा पहिला प्रश्न मीच विचारला, "किती दिवस लागतील?"

खरे सांगायचे तर किल्ट ऐकूनच माझे तोंड कडू झाले होते. मुलगा आता त्यांचा झाला, असे वाटले.

किल्टवाल्या बाई साठीच्या पुढच्या. म्हणाल्या, "हाताचे २५ तास." म्हणजे तीन दिवस, असा मी हिशेब केला. "तेव्हा ८ आठवड्यांनी या." आमचे शिंपी परवडले! पण आधीचे गिऱ्हाईक रांगेत, आणि असले काम दिवसाकाठी चार तासच डोळ्यांना झेपते. मी रिकामाच होतो. बाईंच्या परवानगीने खिडकीपाशी जाऊन बसू लागलो.

कापड ८ वार. आमच्या नऊवारीहून एकच वार कमी! दुप्पट पन्ह्याचे ४ वार कापड लांबीतून मधोमध कापायचे, दोन तुकडे जोडायचे आणि जोड निरीच्या पोटात लपवायचा. पुढे दोन सपाट पदर एकावर एक. बाकी सारे कापड मागच्या निऱ्यांत जाते. या किल्टला २७ निऱ्या होत्या. प्रत्येक निरी अशी मोडायची की चौकडीचा नमुना बाहेरून अखंड दिसावा, जणू कापड दुमडलेच नाही. (पलटणीच्या किल्टची तऱ्हा निराळी, तिथे प्रत्येक निरीवर एकच पट्टी आणतात.) शिवाय नितंबापासून कमरेपर्यंत निरी निमुळती होत जायची, तीही बारीक हातटाक्यांनी. एके दुपारी बाईंनी शिवलेल्या ६ निऱ्या मुकाट्याने उसवल्या. चूक मला भिंग लावूनही दिसली नसती.

मग आतून कॅनव्हास, अस्तर, पट्टे, बकले आणि जड इस्त्री. खालची कड मात्र दुमडायची नाही. कापडाचा काठच तिथे येतो.

व्याही एकदा सांगत होते, १७४६ च्या कायद्याने हा वेश बंद झाला, तो १७८२ साली सुटला. मी मान डोलावली, पण लक्ष निऱ्यांकडे होते.

"बकले सरकवली की नातवालाही होईल," बाई म्हणाल्या. मग विचारले, "तुमचे ते ९ वारांचे कोण शिवते?"

"शिवत नाहीत. नेसतात. आई पाच मिनिटांत नेसायची."

"आणि आता?"

आमच्या घरात आता ते एकट्या ताईलाच येते. ती ७४ वर्षांची. आईचे इरकली लुगडे तिच्याच ट्रंकेत आहे.

रात्री मी पुण्याला फोन लावला. "ताई, ते लुगडे घेऊन ये. सूनबाईंना हवे आहे."

सूनबाईंना मी विचारले दुसऱ्या दिवशी सकाळी.