साठ की आठ?

पुण्यात बी.कॉम. शिकणाऱ्या नातीला मी रात्री संगणकावरून लेखाकर्म शिकवितो. सौभाग्यवतीची झोपमोड नको, म्हणून ब्लूटूथ हेडफोन आणला. (माझ्या बोलण्याची तिला सवय आहे!) त्यावर नाट्यगीते सुरेल वाजत, परंतु नातीचे ‘साठ’ मला ‘आठ’ ऐकू येई. आयुष्य आकड्यांत गेले आणि आता कानच दगा देऊ लागले, या धास्तीने आठवडाभर मी कोणापाशी विषय काढला नाही. अखेर नातीनेच उलगडा केला. हेडफोनचा मायक्रोफोन चालू होताच ब्लूटूथ बहुधा दूरध्वनीच्या पद्धतीवर उतरते आणि आवाजातील बारकावे गळतात. सेटिंगमध्ये संगणकाचाच मायक्रोफोन निवडला. ‘साठ’ स्वच्छ आले. दुकानदार बॅटरीचे तास सांगतो. आपण तेथेच संगणकावरून एक कॉल लावून पाहावा.