चौकटीचे काम

घरच्या घरी बनवलेल्या एमडीएफच्या कपाटदारावर कडेने चिकटवलेल्या चार पट्ट्या तिथे कशासाठी असतात, हा प्रश्न सहसा कोणाला पडत नाही. दोन उभ्या, दोन आडव्या आणि मध्ये खोलगट सपाट भाग. दार म्हटले की डोळ्यांना एवढे लागतेच. सागवानी दारात या रचनेला सबळ कारण होते. लाकूड पावसाळ्यात हवेतली ओल घेऊन फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते, आणि हा फरक लांबीत नगण्य असला तरी रुंदीत चांगलाच जाणवतो. म्हणून सुतार चौकटीच्या आतल्या कडेला खाच पाडून मधला तक्ता तिच्यात चिकटवल्याविना मोकळा बसवत, म्हणजे ऋतूंप्रमाणे तो खाचेतल्या खाचेत सरके आणि चौकट शाबूत राही.

एमडीएफला, म्हणजे मध्यम घनतेच्या तंतुफलकाला, हा सगळा खटाटोप लागत नाही. लाकडाच्या ढलप्या वाफेने मऊ करून त्यांचे सुटे तंतू करायचे, त्यांत बहुधा युरिया-फॉर्मल्डिहाइड जातीची राळ व थोडे मेण मिसळायचे आणि तो थर उष्णता देऊन दाबायचा, अशी त्याची कृती आहे. उसाच्या चिपाडापासूनही असा फलक होतो, जरी महाराष्ट्रातले बहुतेक चिपाड साखर कारखान्यांच्या बॉयलरमध्येच जाते. तंतू सर्व दिशांना विखुरलेले असल्यामुळे रुंदीत एक आणि लांबीत दुसरे, असे वागणे त्याला ठाऊक नसते. सुतारांचा त्याच्यावर तरीही विश्वास नाही आणि तो अविश्वास अनाठायी नाही. फलकाचे दोन्ही पृष्ठभाग घट्ट दाबलेले, पण गाभा त्या मानाने सैल असतो, त्यामुळे कापलेली कड उघडी राहिली तर ती पाणी शोषून दुधात पडलेल्या बिस्किटासारखी फुगते, आणि वाळल्यावरही पूर्ववत होत नाही.

घरी काम करणारे बहुतेकजण १२ मिलिमीटरचा फलक दाराच्या मापाने कापतात आणि त्याच्या दर्शनी बाजूला ६ मिलिमीटर जाडीच्या, सुमारे अडीच इंच रुंदीच्या पट्ट्या पांढऱ्या फेव्हिकॉलने चिकटवतात. येथवर चौकट केवळ शोभेची वाटते. मात्र कपाटाच्या आतून बसणाऱ्या आधुनिक बिजागरीची वाटी ३५ मिलिमीटर व्यासाची आणि सुमारे १२ मिलिमीटर खोलीची असते, म्हणजे एकट्या १२ मिलिमीटरच्या फलकात भोक पाडले तर ते पार समोर निघेल. ते झाकण्याचे आणि जाडी १८ पर्यंत नेण्याचे काम नेमकी तीच पट्टी करते. ज्या कारणासाठी चौकट जन्मली ते नाहीसे झाले आणि तिला वेगळीच नोकरी लागली, असा हा प्रकार आहे.

बाकीचे कौशल्य कडांमध्ये आहे. कड रंग पिऊन टाकते, म्हणून तिला पाणी घातलेल्या फेव्हिकॉलचा किंवा प्रायमरचा हात द्यायचा, वाळल्यावर पॉलिश पेपरने घासायची आणि पुन्हा हात द्यायचा, हे कंटाळवाणे काम जो टाळतो त्याचे दार लांबूनच ओळखू येते. घासताना उडणारी धूळ पिठाहून बारीक असते आणि तिच्यात राळही असते, तेव्हा तोंडाला नुसता रुमाल बांधून भागत नाही. फॉर्मल्डिहाइड हा कर्करोगकारक पदार्थांत गणला जातो, म्हणून फलक घेताना त्याचे कमी उत्सर्जन दाखवणारा ई-१ किंवा ई-० हा शेरा पाहावा. हे काम गॅलरीत करावे, शेजाऱ्यांचे वाळत घातलेले कपडे पाहून.

या चार पट्ट्यांच्या दाराला बाजारात शेकर दार म्हणतात, आणि ज्यांच्यावरून हे नाव पडले ते लोक कपाटांपेक्षा कितीतरी अधिक नवलाचे होते. १७७४ मध्ये अ‍ॅन ली ही मँचेस्टरची श्रमजीवी स्त्री मोजक्या अनुयायांसह अमेरिकेत उतरली आणि तिच्या शिकवणुकीतून या ख्रिस्ती पंथाच्या वसाहती उभ्या राहिल्या. मालमत्ता सामाईक, ब्रह्मचर्य सक्तीचे, नेतृत्वात स्त्री-पुरुषांचा वाटा सारखा. एकाच इमारतीत राहूनही भावांचे आणि भगिनींचे जिने व दारे वेगळी असत. प्रार्थनेत मात्र हेच शिस्तीचे लोक अंगात आल्यागत थरथरत आणि नाचत. हातचे काम हीच उपासना मानल्यामुळे खुर्ची, पेटी, कपाट यांत कोरीव नक्षीला जागा उरली नाही. भिंतभर लाकडी खुंट्यांची ओळ ठोकलेली असे आणि झाडायच्या वेळी खुर्च्या तिच्यावर टांगून ठेवत. आज दुकानात या शैलीच्या नावाखाली पांढरा किंवा राखाडी रंगच खपतो. त्यांची स्वतःची कपाटे मात्र पुष्कळदा खुशाल पिवळी आणि लाल असत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास त्यांची संख्या काही हजार होती, पण ब्रह्मचाऱ्यांच्या पंथाला नवे लोक बाहेरूनच मिळवावे लागतात, आणि आता मेन राज्यातील सॅबथडे लेक येथे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच उरले आहेत. त्यांची एक खोली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात जशीच्या तशी मांडलेली आहे. ज्यांनी अलंकार पाप म्हणून टाकला, त्यांच्या दाराची चौकट अलंकार म्हणून चिकटवली जावी, यातला विनोद त्यांना बहुधा रुचला नसता.

टॉलस्टॉयला या लोकांचे कुतूहल होते. माउंट लेबनन या शेकर वसाहतीतल्या फ्रेडरिक एव्हान्स या ज्येष्ठाशी त्याचा पत्रव्यवहारही झाला. त्याच टॉलस्टॉयच्या नावाने १९१० मध्ये जोहान्सबर्गजवळ जी वसाहत निघाली, तिची जमीन हर्मन कॅलनबाख या वास्तुविशारदाची होती, आणि तिथे गांधींसकट रहिवासी सुतारकाम शिकून बाकांपासून पेट्यांपर्यंत लागेल ते सामान स्वतः बनवत. पुढे वर्ध्याजवळ सेवाग्रामला गांधींची माती आणि बांबूची जी कुटी उभी राहिली, तिच्यातही शोभेसाठी म्हणून फारसे काही नाही. शेकरांची एखादी खुर्ची तिथे नेऊन ठेवली तर ती उपरी वाटणार नाही, एवढे म्हणता येते.

शेकर असोत वा एमडीएफची, कपाटाच्या दारांची मराठी स्वयंपाकघराला सवय तशी अलीकडची आहे. ट्रॉल्या येण्यापूर्वी भिंतीवर मांडणी असे, ताटे उभी, वाट्या ओळीने, डबे उतरत्या क्रमाने, सगळे उघड्यावर, आणि घरातल्या बाईचा टापटिपीचा लौकिक आल्यागेल्याला उंबऱ्यातूनच दिसे. त्या मांडणीचे कौतुक अलीकडे पुष्कळ होते. तिच्यावरचे पितळी डबे दर सणाला चिंच लावून कोण घाशी, हे मात्र त्या कौतुकात क्वचितच येते.