परसांतील चूल

चूल या विषयावर प्राध्यापकानें लेखणी उचलावी हें कांहीं वाचकांस विनोदाचें वाटेल, आणि कांहीं वाचकभगिनींस अतिक्रमणाचें. परंतु आम्ही येथें जिच्याविषयीं लिहिणार आहोंत ती माजघरांतील चूल नव्हे. ती घराबाहेरची, परसांतील, आभाळाखालची चूल होय, आणि त्या प्रांतांत पुरुषांचा हात पूर्वींपासून थोडाफार चालत आलेला आहे. हुरड्याची आगटी पेटविणें, कणसें भाजणें, शेतांतल्या जेवणासाठीं तीन धोंडे मांडणें, हीं कामें पुरुष मोठ्या ऐटीनें करतात. भांडीं घासण्याचें काम मात्र बायकांसाठीं राखून ठेवतात. तेव्हां अधिकाराचा वाद तूर्त बाजूस ठेवूं.

या विषयास निमित्त असें झालें कीं, पुण्यास नोकरीस असलेल्या आमच्या पुतण्यानें किल्लारीच्या घराच्या परसांत एक लोखंडी ग्रिल आणून ठेवण्याचा बेत केला. त्याच्या मोबाइलवर त्यानें आम्हांस दहा-बारा नमुने दाखविले. एकास झांकण, दुसऱ्यास चाकें, तिसऱ्यास उष्णता मोजण्याचें घड्याळ. एक तर गॅसच्या नळकांड्यावर चालणारें, म्हणजे घरांतला गॅस बाहेर नेऊन पुन्हां महाग करण्याची युक्ति. वहिनींनीं सर्व चित्रें चष्मा लावून पाहिलीं आणि एकच प्रश्न केला, “भावजी, त्याला विचारा, त्यावर भाकरी फुगते का?” पुतण्यास उत्तर सुचलें नाहीं. आम्हांस मात्र हा प्रश्न, उपकरण कसें निवडावें याविषयीं आम्हीं ऐकलेल्या सर्व उपदेशांपेक्षां अधिक शास्त्रीय वाटला. आधीं पदार्थ ठरवावा, मग विस्तव, आणि सर्वांत शेवटीं विस्तव ठेवण्याचें पात्र. दुकानदार हा क्रम नेमका उलटा लावतो.

ज्या झांकणाच्या गोल ग्रिलचा आज जगभर बोलबाला आहे, त्याचा जन्मही गरजेंतूनच झाला. अमेरिकेंत शिकागोजवळ जॉर्ज स्टीफन नांवाचे गृहस्थ पत्र्याच्या एका कारखान्यांत होते. पाण्यावर तरंगणाऱ्या खुणेच्या पिंपांचे गोलार्ध तेथें तयार होत. उघड्या शेगडीवर भाजतांना वारा राख उडवितो आणि पाऊस विस्तव विझवितो, याला कंटाळून त्यांनीं 1952 च्या सुमारास असाच एक गोलार्ध घेतला, त्याला पाय लावले आणि दुसऱ्याचें झांकण केलें. त्याच्याही आधीं, हेन्री फोर्ड यांनीं मोटारीसाठीं लागणाऱ्या लांकडाच्या ढलप्या वायां जाऊं नयेत म्हणून त्यांचा कोळसा करून विकण्यास आरंभ केला होता. म्हणजे एकाच्या कारखान्यांतील पत्रा आणि दुसऱ्याच्या कारखान्यांतील भुसा यांतून अमेरिकेची परसांतील चूल उभी राहिली. यांत हंसण्यासारखें कांहीं नाहीं. आमचीही चूल अंगणांत जें पडलें होतें त्यांतूनच उभी राहिली. केवळ आमच्या अंगणांत जें पडलें होतें तें निराळें होतें.

किल्लारीचीं जुनीं घरें ज्यांनीं पाहिलीं नाहींत त्यांस थोडें सांगितलें पाहिजे. काळ्या दगडाच्या, मातींत रचलेल्या जाड भिंती, आंत लांकडी खण, आणि वर मातीचें जड धाबें. उन्हाळ्यांत तीं घरें इतकीं गार असत कीं दुपारीं बाहेर पडणें जिवावर येई. चूल घराच्या सर्वांत आंतल्या, सर्वांत अंधाऱ्या भागांत असे. धूर धाब्याच्या झरोक्यांतून त्याला वाटेल तेव्हां बाहेर जाई. 30 सप्टेंबर 1993 रोजीं पहाटे, चार वाजण्यास थोडीं मिनिटें असतांना, भूकंप झाला. आदल्या रात्रीं गणपतीचें विसर्जन करून लोक निजले होते. लांकडी खण कित्येक ठिकाणीं उभेच राहिले. कोसळल्या त्या भिंती आणि त्यांवरचें धाब्याचें ओझें. लातूर आणि तेव्हांचा उस्मानाबाद, या दोन जिल्ह्यांत मिळून सुमारें दहा हजार माणसें गेलीं. आम्ही त्या वेळीं औरंगाबादेस शिकत होतों. घरीं पोंचलों तेव्हां घर नव्हतें, आणि घरांतील तिघें नव्हतीं.

पहिले कांहीं दिवस बाहेरून आलेलें शिजलेलें अन्न लोक खात होते. तें देणाऱ्यांचे उपकार मोठे. पण रांगेंत उभें राहून हातांवर घेतलेल्या अन्नानें पोट भरलें तरी जेवण झाल्यासारखें वाटत नसे. एके सकाळीं वहिनींनीं पडलेल्या भिंतींतले तीन धोंडे ओढून आणले आणि पत्र्याच्या आडोशास चूल मांडली. ज्या दगडांनीं माणसें घेतलीं त्यांवर तवा कसा ठेवायचा, असें शेजारच्या एका म्हातारीनें म्हटलें. वहिनी म्हणाल्या, “दगडाचा काय दोष, आत्या? मातीनं धरायचं होतं, तिनं धरलं नाही.” पुढें इंजिनियर मंडळींच्या अहवालांत हीच गोष्ट आम्हीं पुष्कळ विस्तारानें वाचली.

जागतिक बँकेच्या साहाय्यानें 52 गांवें नव्या जागीं वसविलीं गेलीं. ज्याची जमीन कमी त्याला 250 चौरस फुटांचें घर, मध्यमास 450 आणि मोठ्या खातेदारास 750. घरें भूकंपास पुरून उरतील अशीं बांधलीं, हें निर्विवाद आहे. परंतु नकाशा काढणाऱ्याच्या डोळ्यांपुढें उभ्यानें स्वयंपाक करणारी गृहिणी असावी. बसून भाकरी थापणारी बाई, तिची काथवट, तिचें सरपण आणि त्याचा धूर, यांना त्या खोलींत जागाच नव्हती. सिमेंटच्या भिंती काळ्या पडूं लागल्या, डोळे चुरचुरूं लागले, आणि चूल घराबाहेर पडली. तात्पुरत्या निवाऱ्याचे जे पत्रे उरले होते त्यांचें छप्पर परसांत झालें. नव्या गांवांत जागेचा एक लाभ होता: घर लहान असलें तरी भोंवतीं भूखंड मोकळा होता. मराठवाड्यांतील बायकांनीं सरकारी नकाशाची ही दुरुस्ती कोणासही अर्ज न करतां केली.

तीन धोंड्यांची चूल कामचलाऊ. कायमची चूल मातीची. येथेंच निवडीचा खरा प्रश्न येतो. आमच्याकडची काळी माती कापसाला चांगली, चुलीला निरुपयोगी. ओली असतां फुगते, वाळली कीं आकसून भेगाळते, आणि विस्तवापुढें तर तिचीं ढेंकळेंच होतात. चुलीला पांढरी माती लागते, आणि पांढरी माती म्हणजे गांवठाणाची माती. काळी शेताची, पांढरी वस्तीची, अशी आपल्याकडे जुनी वाटणीच आहे. गांवाला ‘पांढरी’ हें नांवही त्यावरूनच पडलें. नव्या किल्लारीची जागा शेताची, म्हणून तेथें पांढरी नाहीं. ती जुन्या गांवांत, पडलेल्या धाब्यांची आणि भिंतींची. वहिनी आणि शेजारच्या दोघी-तिघी एका दुपारीं घमेलीं घेऊन तिकडे गेल्या आणि ज्याच्या त्याच्या घराच्या ढिगाऱ्यांतून माती घेऊन आल्या. वाटेंत कोणी बोललें नाहीं, एवढेंच त्यांनीं आम्हांस पुढें केव्हांतरी सांगितलें. ती माती चाळून, तींत भुसा आणि शेण घालून, चार दिवस भिजत ठेवून चूल घातली; एक मोठें तोंड, बाजूस वैल. दरवर्षीं ती लिंपली जाते, कधीं मोडून नवी होते, पण जुन्या चुलीची माती नव्या चुलींत कालविल्यावांचून वहिनी राहात नाहींत.

आतां भाकरीच्या प्रश्नाकडे वळूं. भाकरीला दोन विस्तव लागतात. तव्याखालीं जाळ, आणि तव्यावरून काढल्यावर चुलीच्या तोंडाशीं ओढलेले निखारे. त्यांच्या आंचेपुढें भाकरी उभी केली कीं आंतली वाफ पापुद्रा उचलते. ग्रिलमध्यें निखारे असतात, जाळ नसतो, आणि असल्यास तो दोष समजतात. उलट वांग्याला जाळ नको. मोठें, बीं कमी असलेलें वांगें घ्यावें, तेलाचा हात लावावा, दोन-चार ठिकाणीं टोंचावें, नाहींतर तें फुटून तोंडावर येतें. मग राखेची पातळ साय धरलेल्या निखाऱ्यांवर ठेवून बेतानें फिरवावें. साल काळी झाली म्हणजे झालें असें समजणारे लोक भरिताच्या नांवाखालीं अर्धें कच्चें वांगें खातात; देंठाजवळ दाबून पाहावें, तेथें बोट बुडालें तरच उतरावें. त्यांत कांद्याची पात, शेंगदाण्याचें कूट, हिरवी मिरची. या कामास ग्रिल उत्तम, हें आम्ही पुतण्याच्या बाजूनें मोकळेपणीं कबूल करतों. जाळी निखाऱ्यांपासून वर-खालीं करतां येईल, तळाशीं हवेस झडप असेल आणि पत्रा इतका जाड असेल कीं दोन पावसाळ्यांत कुजणार नाहीं, एवढें पाहून घ्यावें. चाकें आणि घड्याळ यांचे पैसे वांचवावे.

सरपणाविषयीं तडजोड नको. बाभळीचा निखारा सर्वांत टिकाऊ. तुराट्या आणि पऱ्हाट्या झटकन् पेटतात आणि झटकन् संपतात, म्हणून त्या जाळाला. गोवरी मंद आंचेला. कण्हेर विषारी, ती चुलीच्या आसपासही येऊं देऊं नये; तसेंच रंग दिलेलें लांकूड. आणि कोळशाची शेगडी थंडीसाठीं म्हणून बंद खोलींत नेऊं नये. तिचा विषारी वायु दिसत नाहीं, त्याला वास येत नाहीं, आणि निजलेला माणूस उठत नाहीं. चुलीच्या धुराचीं स्तुतिस्तोत्रें आम्ही गाणार नाहीं. तो ज्यांच्या छातींत जातो त्या बायका तीं गात नाहींत. 2016 पासून उज्ज्वला योजनेचा गॅस घरोघर आला हें फार चांगलें झालें. आमच्या घरींही चहा, भात, वरण आंत गॅसवर होतें, आणि परसांतील चूल भाकरीपुरती व भाजण्यापुरती उरली आहे. मोकळ्या हवेंत धूर निवळतो, नाहींसा होत नाहीं.

हुरड्याचा विषय निघाला कीं आम्हांस थोडें वाईट वाटतें. लातूरच्या शिवारांत सोयाबीन आलें, त्यामागून हरभरा, आणि ज्वारीची पाळी कित्येक शेतांतून गेली. तिच्याबरोबर कडबा गेला, बैल कमी झाले, म्हणून गोवऱ्याही. वेळ अमावास्येला शेतांत कडब्याची कोप घालावयाची तर कडबा शोधावा लागतो. आतां शहरांतील लोक पैसे भरून हुरडा खावयास जातात. त्यांस आम्ही नांवें ठेवीत नाहीं, निदान कणीस कसें दिसतें हें मुलांस कळतें. परंतु हुरड्याला ग्रिल चालणार नाहीं. जमिनींत खड्डा, त्यांत गोवऱ्यांची फुललेली आंच, तींत कणसें खुपसून फिरवावयाचीं आणि गरम असतांनाच हातावर चोळावयाचीं. ज्याचे तळहात नाजूक त्यानें गूळ-चटणीच वाढावी. सुरतीचा दाणा असो कीं गुळभेंडीचा, तो निवला कीं त्याचें अर्धें सुख जातें. ग्रिलवर हरभऱ्याचा हुळा मात्र होईल.

चूल पेटविण्यापेक्षां ती राखणें कठीण. रात्रीं निखारा राखेंत पुरून ठेवावा. सकाळीं राख सारून वाळकी गोवरी लावली आणि फुंकर घातली कीं विस्तव तयार. आज याची गरज नाहीं. 1993 च्या त्या पावसांत काड्यापेट्या सादळल्या होत्या, आणि आमच्या पत्र्यांच्या रांगेंत ज्या चुलींत रात्रीचा निखारा जगला असेल तेथून बाकीच्या चुली पेटत. बायका गोवरीच्या तुकड्यावर विस्तव घेऊन, वरून पदराचा आडोसा धरून, चिखलांतून जात. तो कोणाच्या चुलींतून आला हें त्या दिवसांत कोणी विचारलें नाहीं. पुढें नव्या गांवांत आळ्या पुन्हां ठरल्या, आणि काड्यापेटी तर आतां ज्याच्या त्याच्या घरांत कोरडीच असते.