एकतिसाव्या घरापाशी

बुद्धिबळाच्या पटावर पहिल्या घरात गव्हाचा एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, अशी राजाला कंगाल करणारी गोष्ट सांगताना सगळ्यांना चौसष्टाव्या घराची घाई असते. मला एकतिसावं घर आवडतं. तिथवरच्या दाण्यांची बेरीज २,१४,७४,८३,६४७, आणि ही मूळ संख्या आहे. सगळे दाणे एकानं घ्यावेत, नाहीतर दाण्यागणिक माणूस उभा करावा. एरवी सारखी वाटणी होणं नाही. एक घर पुढे गेलं की बेरजेच्या शेवटी ५ येतो आणि मजा संपते.

हिचं मूळपण ऑयलरनं १७७२ मध्ये सेंट पीटर्सबर्गला सिद्ध केलं, तेव्हा त्याची दृष्टी जवळजवळ गेलेली होती. वर्गमूळ ४६,३४० च्या किंचित पुढे. तिथवर पावणेपाच हजारांच्या घरात मूळ संख्या. पण ऑयलरनं आधी ताडलं, की हिला मूळ भाजक असलाच तर त्याला २४८ नं भागल्यावर बाकी १ किंवा ६३ च उरेल. झालं, शंभराच्या आत संशयित शिल्लक राहिले! पहिला ३११: बाकी ३५. दुसरा १३०३: बाकी २२६. असं करत शेवटपर्यंत कुणाचाच निःशेष भाग जात नाही. मला या भागाकारांपेक्षा न केलेल्या भागाकारांचं कौतुक जास्त.

पुढे कित्येक दशकं याहून मोठी मूळ संख्या कुणाला सापडली नाही. हिच्यापासून १९ अंकी परिपूर्ण संख्या, म्हणजे स्वतःहून लहान भाजकांच्या बेरजेइतकी संख्या, तयार होते. गणिती पीटर बार्लोनं १८११ मध्ये लिहून टाकलं, की याहून मोठी परिपूर्ण संख्या कधी सापडायची नाही. असल्या संख्या नुसत्या गमतीच्या, उपयोग शून्य.

आज ३२ बिटांच्या संगणकात चिन्हासह मावणारी सर्वांत मोठी पूर्ण संख्या हीच. १९७० पासून सेकंद मोजत आलेली जुनी घड्याळं १९ जानेवारी २०३८ ला, आपल्याकडे सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी, हिच्यापाशी अडतील. अर्थात त्यात मूळपणाचं कर्तृत्व काडीचं नाही.

ते दिसतं दुसरीकडे. १ घ्या, १६,८०७ नं गुणा, या संख्येनं भागून बाकी तेवढी ठेवा, पुन्हा तेच. १६,८०७, मग २८,२४,७५,२४९, मग १,६२,२६,५०,०७३... ना चढ, ना उतार, नुसता गोंधळ. तरी १ परत येईपर्यंत हिच्याहून लहान प्रत्येक संख्या बरोबर एकदाच हजेरी लावते. भाजक मूळ नसता तर एवढी लांब फेरी मिळालीच नसती. संगणकात यादृच्छिक आकडे काढायला पार्क आणि मिलर यांनी १९८८ मध्ये हीच रीत सुचवली. गुप्त संकेतांना ती कुचकामी, कारण एक आकडा कळला की पुढचे सगळे कळतात. साध्या खेळातल्या फाशाला मात्र चालते. सी प्लस प्लसच्या प्रमाण लायब्ररीत ती अजून आहे.