पाचशे घोड्यांचा हिशेब

१९६९ ची पॉन्टिॲक जीटीओ घेऊन येणारा माणूस बॉनेट उघडायच्या आधी आकडा सांगतो. पाचशे हॉर्सपॉवर हवी. मी आकडा ऐकून ठेवतो आणि वहीत दुसऱ्याच गोष्टी उतरवतो. गाडी फिरणार कुठे? वुडवर्ड ॲव्हेन्यूवर एका सिग्नलपासून दुसऱ्यापर्यंत, की ड्रॅग स्ट्रिपवर पाव मैल? पेट्रोल कोपऱ्यावरच्या पंपाचं की शर्यतीचं? गिअर हाताने टाकायचे की ऑटोमॅटिक? मागच्या ॲक्सलचा रेशो काय? शेजारी घरची माणसं बसणार का? या उत्तरांवर इंजिन ठरतं, आणि ताकदीचा आकडा त्यातून शेवटी निघतो. तो आधी धरून सुटे भाग जमवत गेलं, की एकमेकांशी न जुळणाऱ्या महागड्या वस्तूंचा ढीग तयार होतो. खोक्यांत भरून आलेले असे ढीग मी पुष्कळ पाहिले आहेत.

इंजिनकाम मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात शिकलो. तिथे शेतावरची ऑइल इंजिनं यायची. पिकाचं पाणी अडलेलं असायचं, त्यामुळे इंजिन कशासाठी बांधायचं हे कुणाला विचारावं लागत नसे. इथे मिशिगनमध्ये विचारावं लागतं, कारण अर्ध्या शतकापूर्वीचं इंजिन माणूस प्रेमापोटी बांधून घेतो. आणि हे प्रेम रास्त आहे. मध्यम आकाराच्या गाडीत ३३० घनइंचांपेक्षा मोठं इंजिन बसवायचं नाही, असा तेव्हा जनरल मोटर्सचा दंडक होता. पॉन्टिॲकमध्ये जॉन डीलोरियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६४ च्या टेम्पेस्ट ल मान्सवर ३८९ घनइंचांचं इंजिन जीटीओ नावाचा ‘ऑप्शन’ म्हणून देऊन त्यातून वाट काढली. मसल कारचं युग तिथून बहरलं. २०१० मध्ये पॉन्टिॲक हे नाव बाजारातून गेलं, तरी या इंजिनाचे नवे भाग आजही बनतात आणि हौशी माणसं ते घेतात.

६९ च्या जीटीओत ४०० घनइंचांचं, म्हणजे साधारण साडेसहा लिटरचं व्ही-८ असतं. त्याची ताकद तेव्हा ३५० हॉर्सपॉवर छापली गेली. ती ‘ग्रॉस’ मोजणी होती: इंजिन स्टँडवर, एअर फिल्टर काढलेला, गाडीचा सायलेन्सर नाही. १९७२ पासून सगळ्या जोडण्यांसह मोजणी होऊ लागली आणि छापील आकडे धाडकन खाली आले. पाचशे मागणाऱ्याला मी हे आधी समजावतो. कुठल्या मापाचे पाचशे, हे दोघांनाही माहीत हवं.

या इंजिनाचा ब्लॉक दणकट आहे. कच्चा दुवा कनेक्टिंग रॉड. कारखान्यातून आलेले रॉड ओतीव असतात, घडीव नव्हे. एक्झॉस्ट स्ट्रोकच्या शेवटी पिस्टन वर झेपावतो, तेव्हा त्याला वरून दाबणारा वायू नसतो. त्याला थांबवून खाली खेचण्याचं काम एकट्या रॉडचं. हा ताण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ५००० आरपीएमवरून ६००० वर गेलं की वेग २० टक्के वाढतो आणि रॉडवरची ओढ ४४ टक्के. म्हणून ४३४० पोलादाचे घडीव रॉड माझ्या यादीत पहिल्या ओळीत असतात आणि त्यावर मी घासाघीस करत नाही.

रॉड बदलायचेच आहेत तर क्रँकचाही विचार तिथेच करावा. हॉर्सपॉवर म्हणजे टॉर्क गुणिले आरपीएम भागिले ५२५२. पाचशे हॉर्सपॉवर ६५०० आरपीएमवर काढायची तर ४०४ पाउंड-फूट टॉर्क पुरतो. ५२५२ वर काढायची तर पूर्ण ५०० लागतो. पहिली वाट लहान इंजिन पिंजून काढण्याची, दुसरी इंजिन मोठं करण्याची. रस्त्यावरच्या गाडीसाठी मी दुसरी निवडतो. मूळ स्ट्रोक ३.७५ इंच, ४.२५ इंचांचा क्रँक टाकला आणि बोअर ४.१५५ केला की तोच ब्लॉक ४६१ घनइंचांचा होतो. बाहेरून पाहणाऱ्याला फरक कळत नाही. सिग्नल सुटल्यावर कळतो.

पण स्ट्रोक वाढला की कम्प्रेशनही वाढतं, आणि पुष्कळ आराखडे इथेच फसतात. नव्या मापात एका सिलिंडरचं आकारमान सुमारे ९४४ सीसी. जुन्या हेडमधली पोकळी ७२ सीसीची असेल, आणि गॅस्केट, पिस्टनच्या माथ्यावरचे व्हॉल्व्हसाठीचे खळगे, डेकची फट मिळून १६ सीसी धरले, तर वर उरणारी जागा ८८ सीसी. भागाकार केला की येतात पावणेबारास एक. १९६९ मध्ये कंपनीने पावणेअकरा सांगितले होते, तेही शिसं मिसळलेल्या प्रीमियम पेट्रोलवर. अमेरिकेत रस्त्यावरच्या गाड्यांसाठी ते पेट्रोल १९९६ पासून पूर्ण बंद आहे. आजच्या पंपावरच्या पेट्रोलवर पावणेबाराचं इंजिन चढाला लागलं, की ठिणगीची ज्योत पोचायच्या आत कोपऱ्यातलं मिश्रण स्वतःच भडकतं, आणि नवे पिस्टन फुटायला वेळ लागत नाही. ॲल्युमिनियमचं हेड उष्णता लवकर बाहेर टाकतं. ८७ सीसीचं असं हेड घेतलं तर तेच गणित सव्वादहाच्या आत येतं. बिडाचं हेड ठेवायचंच असेल तर मी साडेनऊच्या वर जात नाही; मग पिस्टन खोलगट माथ्याचे घ्यावे लागतात. हे सगळं एका कागदावर मावतं. पिस्टनची ऑर्डर त्या कागदानंतर.

ॲल्युमिनियमच्या हेडचं दुसरं कारण हवा. माणूस छातीने कितीही रुंद असला तरी धावताना दम त्याच्या नाकातूनच ठरतो, आणि मोठ्या इंजिनाचंही तसंच आहे. फ्लो बेंचवर २८ इंच पाण्याच्या दाबफरकाला प्रत्येक सीएफएममागे (मिनिटाला एक घनफूट हवा) ढोबळमानाने दोन हॉर्सपॉवर धरतात. मूळ हेड दोनशेच्या आसपास हवा सोडतं. पाचशेसाठी अडीचशे हवेत. मूळ हेडचे पोर्ट कोरून तिथवर पोचता येतं, पण त्या मजुरीत नव्या हेडचे बरेचसे पैसे निघतात.

कॅमच्या बाबतीत मी सावध माणूस आहे. मोठा कॅम थांबलेल्या गाडीत जो लचकत धडधडण्याचा आवाज देतो, त्यासाठी लोक वेडे असतात. मलाही तो आवडतो. पण तसा कॅम आयडलला व्हॅक्यूम कमी करतो, आणि पॉवर ब्रेक त्याच व्हॅक्यूमवर चालतात. ऑटोमॅटिक गाडीला त्यासाठी जास्त स्टॉलचा कन्व्हर्टर लागतो, मग ट्रान्समिशनसाठी वेगळा ऑइल कूलर लागतो. एका आवाजापायी यादी तीन ओळींनी वाढते. मी शक्यतो मध्यम मापाचा हायड्रॉलिक रोलर कॅम सुचवतो. आजच्या ऑइलमध्ये झिंक कमी असतं. जुन्या पद्धतीचे सपाट टॅपेट पहिल्याच चालवण्यात कॅम घासून टाकू शकतात.

एवढं ठरलं तरी खरेदी नाही. आधी ब्लॉक धुवायचा, तडे तपासायचे, आणि सिलिंडरच्या भिंतींची जाडी सोनिक टेस्टरने मोजायची. ओतकामात गाभा किंचित सरकला असेल तर भिंत एका बाजूला पातळ निघते, आणि बोअर किती वाढवायचा हे ती पातळ बाजू ठरवते. ब्लॉकवरचा शिक्का गाडीच्या नंबरशी जुळत असेल, तर तो जपून बाजूला ठेवावा आणि काम दुसऱ्या ४०० च्या ब्लॉकवर करावं, असं माझं ठाम मत आहे. मग होनिंग, तेही जाड टॉर्क प्लेट बोल्टने आवळून, कारण हेड आवळल्यावर सिलिंडरचा गोलावा बदलतो आणि रिंगांना तो बदललेला गोलावा पुरा हवा असतो. तीन इंचांच्या मेन जर्नलला अडीच ते तीन थाऊ, म्हणजे इंचाचे हजारावे भाग, एवढी फट. पिस्टनवर मऊ माती लावून, इंजिन हाताने फिरवून, मातीत उमटलेला व्हॉल्व्हचा ठसा मोजायचा: इनटेकला किमान ८० थाऊ, एक्झॉस्टला १००. हे काम मला सगळ्यांत आवडतं. कागदावर मांडलेलं सगळं तिथे पहिल्यांदा हाताला लागतं.

शेवटी पैसे. माझ्याकडे येणाऱ्याला मी सांगतो की मशिनिंगचे पैसे आधी बाजूला काढा, मग रॉड, मग हेड. कार्ब्युरेटर आणि क्रोमची झाकणं सगळ्यांत शेवटी. रेडिएटर आणि मागचा ॲक्सल यांच्यासाठीही त्याच यादीत रक्कम धरा. ६९ च्या जीटीओला कारखान्यातून चारही चाकांना ड्रम ब्रेक येत. पुढचे डिस्क वेगळे पैसे भरून मिळत. जिला अजून चारही ड्रमच आहेत, त्या गाडीत पाचशे हॉर्सपॉवरचं इंजिन मी बसवून देत नाही.